पहिली टाळी सोडून द्यावी

“दोनच ओळी लिहायच्यात, बाबा. दोन ओळींनी कुणाचं काय जाणार आहे?”

दगडूशहा फकिरांनी मान वर केली नाही. ते बाज विणत होते.

“कुठं लिहायच्या?”

“उरुसाच्या वहीत. चार सालांमागच्या पानावर.”

बाबांचा हात थांबला.

“हे टोक धर,” ते म्हणाले. “ताणून धर. सैल सोडू नको.”

मन्मथने सुतळीचं टोक धरलं. पुण्याहून सात तास गाडी हाकत आलेला माणूस, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि आल्या आल्या बसला बाजेची सुतळी धरून. दुसरं कुणी असतं तर तोंडावर नाही म्हणाला असता. पण बाबांना नाही म्हणायची त्याची कधीच छाती झाली नव्हती.

हा मन्मथ हलगे मूळचा कवठ्याचाच. शाळा सुटली की दप्तर फेकून गावाबाहेरच्या या तकियात पळायचा. तकिया तरी काय होता! एका पीराची कबर, एक चिंच, एक बोअर आणि दगडूशहा बाबा. बाबांना पाण्याची विद्या होती. बोअरच्या तोंडाशी बसायचे, टाळी वाजवायचे, कान द्यायचे आणि सांगायचे, “साठ फुटांवर हाय. मोटर सत्तरवर सोडा.” आवाज खाली जाऊन पाण्यावर आपटून परत यायला जेवढा वेळ लागतो, त्यावरून खोली ओळखायची. पोरगं हुशार निघालं, उचललं त्याने.

पुढे पोरगं इंजिनिअर झालं, पुण्याला गेलं, आणि तीच टाळी त्याने फोनमध्ये घातली. बोअरवर फोन धरा, टाळी वाजवा, पाणी किती फुटांवर ते फोन सांगतो. नावही ‘टाळी’च. सगळं फुकट, आणि आतली सगळी रचना इंटरनेटवर उघडी. कुणीही बघा, कुणीही घ्या, कुणीही सुधारा. अशा कामाला ओपन सोर्स म्हणतात, आणि असलं काम करणाऱ्यांना त्याचा मोठा अभिमान असतो. मन्मथला तर जरा चार बोटं जास्तच होता.

गेल्या वर्षी ‘टाळी’ साडेतीनशे गावांत पोचली. उन्हाळ्यात टँकर आधी कुठल्या गावाला धाडायचा, ते तिच्या आकड्यांवर ठरू लागलं.

आणि मागच्या महिन्यात नोटीस आली.

एका कंपनीने ही युक्ती आपल्या नावावर करून घेतली होती. पेटंट. तीन वर्षांपूर्वी अर्ज केला, आता हातात पडलं. टाळी बंद करा, म्हणाले. साडेतीनशे गावांना फोनमधून काढून टाकायला सांगा. हरकत घ्यायची असेल तर घ्या, त्याची मुदत येत्या सोमवारी संपत होती.

आज गुरुवार.

“त्यांनी तीन वर्षांमागं केलं,” बाबा म्हणाले. “तू कधी केलंस?”

“पाच.”

“मग तू आधी.”

“हो.”

“मग दाखव की.”

मन्मथच्या हातातली सुतळी सैल पडली.

“ताणून धर म्हटलं ना.”

“दाखवता येत नाही, बाबा. मी पुसून टाकलं.”

“काय पुसलंस?”

“सगळं. आधीचं सगळं...”

मग हळूहळू त्याने सांगितलं. इंटरनेटवरच्या त्या पानावर प्रत्येक बदल तारखेनिशी राहतो. कुणी काय लिहिलं, कधी लिहिलं, कुठे चुकलं, कसं सुधारलं. त्याचीही चार वर्षं तशी राहिली होती. पण ती फार ओंगळ होती. चुकलेली गणितं, वैतागून लिहिलेल्या शिव्या, दहादा खोडून अकराव्यांदा तेच. गेल्या वर्षी त्याला मोठ्या परिषदेत बोलावलं. पडद्यावर हजार माणसांना ते पान दिसणार होतं. तेव्हा एका रविवारी बसून त्याने सगळा इतिहास पुसला आणि जागेवर एकच स्वच्छ नोंद ठेवली. गेल्या वर्षीच्या तारखेची.

हे असलं करायला फार अक्कल लागते बरं का. साध्या माणसाला जमत नाही. साधा माणूस जुने कागद माळ्यावर टाकतो आणि विसरून जातो. याने केरसुणी घेऊन आपलीच पावलं झाडून काढली.

“दुसऱ्या कुणाकडं नव्हतं?”

“सहा जण होते बरोबर काम करणारे. मीच त्यांना सांगितलं, जुनं काढून टाका, नवं घ्या.”

“टाकलं त्यांनी?”

“लगेच.”

बाबांनी एक फेरा विणला. मग दुसरा.

“लाज कशाची वाटली?”

“घाण होतं ते, बाबा. माझा पहिला फोन जुना होता. त्याचा माईक जागा व्हायला वेळ लागायचा, पहिली टाळी त्याला अर्धीच ऐकू यायची. म्हणून मी तिथे लिहून ठेवलं होतं, तीन टाळ्या वाजवाव्यात, पहिली सोडून द्यावी. पुढे फोन बदलला आणि ते काढून टाकलं. खरं तर एकच टाळी पुरते.”

“बरं, मग?”

मन्मथने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“हे त्यांचं पेटंट. वाचतो. ‘वापरणाऱ्याने तीन टाळ्या वाजवाव्यात. पहिली टाळी सोडून द्यावी.’”

...

“माझ्या भंगार फोनची खोड आहे ती, बाबा! दुसऱ्या कुठल्या फोनला तिची गरजच नाही! ती त्यांच्या कागदावर आली कुठून? माझ्याच पानावरून उचलली, चुकीसकट उचलली. मला दिसतंय. आणि अख्ख्या जगात ते दाखवायला माझ्याकडे काही म्हणजे काही नाही...”

तो रडला. छत्तीस वर्षांचा बाप्या, तोंड झाकायचंही त्याला सुचलं नाही.

बाबा पाठीवरून हात फिरवतील असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही.

डोळे पुसून तोच पुढे बोलायला लागला. इंटरनेटवरची जुनी पानं साठवणारी एक जागा असते, तिथे शोधलं, नुसतं नाव सापडलं. जिथे पान ठेवलं होतं त्यांना लिहिलं. पुसलेलं आम्ही फार दिवस ठेवत नाही, असं उत्तर आलं. सहा जणांच्या साक्षी न्यायला निघाला, तर वकीलबाई म्हणाल्या, ते तर तुमचेच लोक, त्यांना कोण विचारतं? कागद दाखवा. चारचौघांसमोर मांडल्याचं एखादं सार्वजनिक दप्तर असेल, तारखेचं, सह्यांचं, तर ते टिकेल.

तेव्हा त्याला उरुसाची वही आठवली.

कवठ्याच्या उरुसाचा एक रिवाज आहे. कव्वाली, कुस्त्या, मलिदा, ते सगळीकडेच असतं. इथे दुपारी चिंचेखाली आणखी एक बैठक बसते. ज्याच्या हाताला वर्षभरात काही नवं सुचलं असेल त्याने ते पंचक्रोशीसमोर मांडायचं. नवी वीण असो, हलगीचा नवा ठेका असो, जनावराच्या खुराचं औषध असो. मांडलं की वहीत चढतं. कुणी दाखवलं, काय दाखवलं, कसं केलं. खाली हेडमास्तर आणि सरपंच सह्या करतात. आणि एकदा वहीत चढलं की ते सगळ्यांचं. मग कुणी म्हणायचं नाही की हे माझ्या एकट्याचं.

“पानाच्या तळाशी दर साली जागा सुटते,” मन्मथ म्हणाला. “मला माहीत आहे, लहानपणी मीच रेघा मारून द्यायचो. हेडमास्तर देवणे गुरुजींची सही आहे, ते वारले. सरपंच गाव सोडून गेले. वही तुमच्याजवळ. शाई जुनी करता येते. कुणाला काही कळणार नाही, बाबा. आणि खोटं तरी कुठे आहे? काम माझंच आहे!”

“त्या उरुसाला तू आला होतास?”

“...नाही.”

“मी निरोप धाडला होता.”

“हो.”

“तोवर झालं होतं ना तुझं?”

“वर्ष झालं होतं.”

“मग काय कळवलंस?”

मन्मथ जमिनीकडे बघू लागला.

“अजून दाखवण्यासारखं झालं नाही, असं कळवलं. दहातून चारदा चुकायचं तेव्हा. सगळ्या गावापुढे चुकलं असतं तर...”

“तर काय झालं असतं?”

“हसले असते लोक.”

बाबांनी सुतळी खाली ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठले, आत गेले. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते कापडात बांधलेली वही घेऊन. चार सालांमागचं पान काढलं, त्याच्यापुढे ठेवलं, आणि सदऱ्याच्या खिशातला पेन काढून पानावर ठेवला.

“लिही.”

मन्मथ बघतच राहिला. एवढ्या सहज? वाटेत सात तास त्याने काय काय घोकलं होतं! पाया पडायची तयारी ठेवली होती.

“खरंच लिहू?”

“लिही म्हटलं ना.”

तळाला तीन बोटं जागा होती. त्याने पेन उचलला. पण वरच्या ओळींवर नजर गेली आणि तिथेच अडकली.

‘गफूर पिंजारी, कवठा. नवी धनुकली. दोनदा तार तुटली. तिसऱ्यांदा कापूस पिंजला. लोक हसले.’

‘शेवंता वडार, टाकळी. दगडी जात्याला लाकडी पाचर. पाचर निसटली. पीठ जाड आलं. सासू हसली.’

‘हणमंत मांग, कवठा. हलगीचा सात मात्रांचा ठेका. मधेच चुकला. पुन्हा पहिल्यापासून वाजवला.’

“नाव लिही, गाव लिही,” बाबा म्हणाले. “काय दाखवलं ते लिही.”

“हो.”

“काय चुकलं तेही लिही. रिवाज हाय.”

“लिहितो. पहिली टाळी ऐकू आली नाही, असं लिहितो.”

“आणि कोण हसलं?”

“अं?”

“कोण हसलं ते लिही. नाव घालून लिही. गफूर हसला का? शेवंता हसली? देवणे गुरुजी काय म्हणाले?”

मन्मथचा पेन कागदावर टेकला होता. एक ठिपका उमटला, पसरत गेला.

त्याने त्या दिवसाची खूप कल्पना केली. चिंचेची सावली, दाटीवाटीने बसलेली माणसं, मधे आपण, हातात तो जुना फोन. गफूरचाचा हसला असता. गुरुजी चष्मा वर करून म्हणाले असते, परत वाजव. पण ते हसले असते म्हणजे हसले नव्हते. त्या दिवशी तो पुण्यात गाद्यागिरद्यांवर लोळत होता.

“कुणी हसलं नाही, बाबा,” तो म्हणाला. “मी आलोच नव्हतो.”

पेन खाली ठेवला.

चिंचेवर होले घुमत होते. पलीकडे बोअरच्या नळावर बायका घागरी भरत होत्या.

“मग गेलं सगळं,” मन्मथ म्हणाला. “सोमवारी टाळी गेली. साडेतीनशे गावांना मीच कळवायचं, काढून टाका म्हणून. मीच.”

“हां.”

“काहीतरी म्हणा ना, बाबा.”

“काय म्हणू? गेली.”

मन्मथला राग आला. कुणाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“मग यापुढे मी काहीच उघडं टाकणार नाही! झक मारली आणि जगाचं भलं करायला निघालो! आता जे आहे ते कुलपात.”

“आता काय हाय तुझ्याजवळ?”

“आहे एक.” तो घुटमळला. “वीस-पंचवीस दिवस रोज टाळी वाजवली तर बोअर कुठल्या तारखेला आटेल ते आधीच सांगायचं. ते जमलं ना, तर लोक आधीच सावध होतील. टाळी त्यापुढे काहीच नाही.”

“कुणाला दाखवलंस?”

“कुणालाच नाही. निम्मं चुकतंय अजून.”

“कुलपात हाय.”

“हो.”

“आणि हेच उद्या त्यांना सुचलं तर?”

“सुचेलच. आज ना उद्या सुचेल. आणि...”

चार सालांमागे जे केलं तेच आपण आज करतो आहोत, हे त्याला आत्ता कळलं.

बाबांनी नळाकडे तोंड करून हाक दिली.

“ए इंदरबाई! सुगराबी! इकडं या जरा. नरसू, शेळ्या राहू दे, ये. हलग्याचं पोरगं काहीतरी दाखवतंय.”

“बाबा, नको! आत्ता नको... चालत नाही ते!”

तोवर तिघं येऊन उभीही राहिली. दोन बायका, डोक्यावर भरल्या घागरी. नरसू धनगर, खांद्यावर काठी.

आता मागे सरायला जागा नव्हती. मन्मथने बोअरचं टोपण काढलं, फोन धरला, टाळी वाजवली. पंचवीस दिवसांचे आकडे या बोअरचे नव्हतेच, पुण्यातल्या सोसायटीच्या बोअरचे होते. ते त्याने तिघांना सांगितलंही. कुणाला कळलं नाही.

“अकरा दिवसांत आटेल,” त्याने फोनवरचं वाचलं.

“आगं बया!” सुगराबीने छातीला हात लावला.

त्याने पुन्हा टाळी वाजवली.

“...चारशे दिवस.”

“ठरव की लेका एक काहीतरी,” नरसू म्हणाला.

तिसरी टाळी. मन्मथने फोनकडे पाहिलं आणि त्याला वाचवेना.

“काय म्हनतंय?”

“मागच्या पोळ्याला आटलंय म्हणतंय.”

इंदरबाईने डोक्यावरच्या घागरीला हात लावला. “मग हे काय माझ्या घागरीत? माझी आसवं व्हय?”

तिघंही हसायला लागली. सुगराबीला तर हसू आवरेना, घागर हिंदकळली, पाणी तिच्या खांद्यावरून ओघळलं. नरसू काठीवर भार देऊन खिदळत होता. मन्मथचे कान तापले. तोंड कुठे लपवावं असं झालं.

मग ती हसायची थांबली. इंदरबाई म्हणाली, “पन जमलं तर बरं हुईल बाबा. मागल्या साली चैतात येका दिसात आटली आमची बोर, चूळ भराया पानी नव्हतं.” आणि डोक्यावरची घागर सावरून तिथेच उभी राहिली, पुढे काय म्हणून.

मन्मथने बोअरचं टोपण परत लावलं.

एवढंच होतं तर. एवढ्याशा हसण्याला भिऊन तो चार वर्षांपूर्वी आला नव्हता. याच्यापायी त्याने सगळं पुसलं होतं. साडेतीनशे गावांचं पाणी त्याने या एवढ्याशा हसण्यावरून ओवाळून टाकलं होतं. त्याला आता रडूही येईना.

बाबांनी वहीचं कोरं पान काढून दिलं. “मास्तरांच्या, सरपंचाच्या सह्या उरुसाला होतील. तू आज लिही.”

त्याने लिहिलं. मान खाली घालून पुष्कळ लिहिलं. नाव, गाव, युक्ती काय, आकडे कसे धरायचे, कुठलं गणित लावायचं, आणखी कोणकोणत्या तऱ्हेने करता येईल, त्यातल्या कुठल्या तऱ्हा आपल्याला जमल्या नाहीत. तीन पानं भरली. शेवटी लिहिलं, ‘तीनदा करून दाखवलं. तिन्हीदा चुकलं. इंदरबाई, सुगराबी आणि नरसू हसले.’

नरसूने अंगठा उठवला. इंदरबाईने एकेक अक्षर जोडत सही केली. सुगराबी म्हणाली, “माझं बी नाव नीट घाला, पुसू नगा.” मग ती तिघं गेली.

मन्मथ त्या पानांकडे बघत राहिला. कसलं अक्षर, कसल्या खाडाखोडी. परिषदेत कुणी हे पडद्यावर लावलं असतं तर तो सभागृहातून उठून गेला असता.

“बाबा, याने टाळी वाचणार नाही.”

“नाही.”

“सोमवारी ती जाणारच.”

“जाणार.”

“आणि हे तर अजून चालतसुद्धा नाही. निम्म्याहून जास्त चूक आहे. उद्या मलाच याची लाज वाटेल...”

बाबांनी बाज पुढे ओढली, सुतळीचं टोक शोधलं.

“आजची तारीख टाक,” ते म्हणाले.